परी कोणाला चाटते

मी बावीस पावसाळे दुसऱ्यांची मांजरं सांभाळली. हे काम म्हणून सांगायची मला अजून लाज वाटते, कारण ऐकणारा आधी हसतो. वराळ्याला एका लग्नात माझ्या नणंदेने चारचौघींत सांगितलं, "आमची वैनी लोनावळ्याला आया हाय. पोरांची न्हाई, मांजरांची." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी उठून पत्रावळी मांडायला गेले. मला चारचौघांत बोलता येत नाही. मांजरांशी जमलं ते त्यामुळेच असेल. ती काही विचारत नाहीत.

लोणावळ्याचे बंगले मुंबईकरांचे. दिवाळी झाली की उघडायचे आणि मिरगाच्या आधी बंद व्हायचे. पावसाचे चार महिने तिथे हौसेने कुणी राहत नाही. मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते, काड्यापेटी चुलीपाशी ठेवली तरी पेटत नाही. मालक मंडळी कुत्रं बरोबर नेत. मांजर नेत नसत, कारण टोपलीत घातलेलं मांजर घाटातल्या पहिल्या बोगद्यात जे ओरडायला लागतं ते कल्याणपर्यंत थांबत नाही. मग मांजर राहायचं माळ्याच्या भरवशावर. माळ्याने आपली चूल बघायची की मांजर? कार्तिकात मालक परत आले की मांजर नसायचं. वाघराने, म्हणजे बिबट्याने, नेलेलं, नाहीतर कुठल्या वळचणीला भिजून मेलेलं.

आमचे हे वळवणच्या रस्त्याला एका बंगल्यावर माळी होते. आम्ही मागच्या आऊटहौसात राहायचो. आधी त्या बंगल्याची दोन मांजरं मी बघायची, मग शेजारचे माळी आपापली आणून सोडू लागले. एका पावसाळ्यात चौदा झाली. काम अवघड नाही, पण रोजचं आहे. मांजर कोरडं ठेवायचं, हे पहिलं. चुलीवर आढ्याला पोती वाळत टाकलेली असत, ती पाळीपाळीने खाली अंथरायची. दूध कोमट द्यायचं. कान बघायचे. दिवस कलायच्या आत सगळी मोजून आत घ्यायची, कारण वाघरू कुंपणापर्यंत येतं आणि मांजर त्याला घासभर पुरतं.

मालक परत आले की मांजरं ठेवलेल्या आमच्या मोरीच्या जाळीच्या दाराशी उभे राहून सगळे एकच विचारायचे. खाल्लं का, आजारी पडली का, हे नाही. "माझी आठवण काढत होती का?" आणि हात पुढे करायचे. मांजराने हात चाटला की माणसाचा चेहरा असा फुलायचा की मीच मान खाली घालायची. नाही चाटला तर माझ्याकडे बघायचे, जणू मी तिला शिकवून ठेवलं. म्हणून मांजर माणसाला का चाटतं, हे मला शिकून घ्यावं लागलं. पुस्तकात ते असेल तर माझ्या चार इयत्तांत आलं नाही.

पहिलं मला कासमभाईंनी शिकवलं. ते इंजिनावर फायरमन होते, घाटात भट्टीत कोळसा टाकायचे, आणि त्यांचा काळाभोर बोका होता. ड्युटीवरून आले की बोका त्यांच्या खांद्यावर चढून मानेवरचा घाम चाटायचा. एकदा ते दहा दिवस उर्शाला सासुरवाडीला गेले आणि बोका माझ्याकडे ठेवला. परत आले ते नवा सदरा घालून, कानात अत्तराचा फाया. बोक्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"वैनी, ह्यो मला इसरला वो," कासमभाई म्हणाले. एवढा दांडगा माणूस, पण आवाज बसला.

"भाऊ, तुमी आंगूळ करून आलाय," मी म्हटलं.

"मग काय बिनआंगुळीचा सासुरवाडीला जाऊ?"

दुसऱ्या दिवशी ते ड्युटीवरून तसेच, कोळशाने माखलेले आले आणि बोक्याने त्यांची मान चाटून दोन बोटं जागा गोरी केली. "बघा! काल रुसला व्हता," ते म्हणाले. मी बरं म्हटलं. मला तेव्हा वाटलं, मिठासाठी चाटतं. घामात मीठ असतं, एवढंच.

मग पुण्याचे एक आबा आले, पेन्शनीतले. त्यांची मांजर त्यांचं कोपर चाटून चाटून लाल करायची. तिथे घाम नाही, तेल नाही. वैद्याने मलम दिलं, तिने तेही चाटलं. मी विचारलं तेव्हा कळलं, मूळच्या दोन मांजरी होत्या, सख्ख्या बहिणी. एकीला वाघराने नेलं त्या आठवड्यापासून हे सुरू झालं. मांजरं एकमेकींची मान चाटतात, जिथे स्वतःची जीभ पोचत नाही तिथे. हिला चाटायला कुणी उरलं नव्हतं.

"अगं, मी काय मांजरीची बहीण?" आबा चिडले.

मी दाराआड गेले आणि तिथून म्हटलं, "दुसरं पिल्लू आणा, आबा." त्यांनी आणलं. कोपर बरं झालं. नंतर ते आमच्या ह्यांना म्हणाले म्हणे, "आता माझ्याकडे ढुंकून बघत नाही." तेही त्यांना आवडलं नाही.

एवढं शिकून मी शहाणी झाले असं मला वाटत होतं. मग दिनाबाई आल्या.

ह्यांच्या बंगल्याच्या मालकीण त्या. पारशी, विधवा, आणि एकच मुलगी, शिरीन. शिरीनच्या छातीत दुखणं होतं. डॉक्टरांनी लोणावळ्याची हवा सांगितली म्हणून दोघी दोन हिवाळे इथे राहिल्या. शिरीन एकोणीस-वीस वर्षांची असेल. व्हरांड्यात लांब खुर्चीवर पडून असायची. त्या साली लाकडांच्या माचात एक डोळे न उघडलेलं आंधळं पिल्लू सापडलं, त्याची आई मेलेली. शिरीनने ते बघितलं आणि हट्ट धरला. तिनेच नाव ठेवलं, परी.

डॉक्टरांनी बजावलं होतं की केस आणि धूळ तिच्या श्वासाजवळ नको. दिनाबाई भ्यायलेल्या होत्या. त्या सारखं युडिकोलन नावाचं वासाचं पाणी वापरायच्या. हाताला, कपाळाला, शिरीनच्या उशीला. परी व्हरांड्यात दिसली की त्यातच भिजवलेला रुमाल तिच्या तोंडासमोर झटकायच्या, "हट्, हट्!" परी शिंकत पळायची. आणि दिनाबाई दुपारी आडव्या झाल्या की शिरीन मला खूण करायची. मी पदराखालून परीला वर व्हरांड्यात न्यायची. शिरीन आपल्या रुमालाचं टोक साध्या पाण्याने ओलं करून तिला पुसायची, आणि परी तिचा हात चाटायची. शिरीन हसली की खोकला यायचा, म्हणून ती तोंड मिटून हसायची.

एकदा दिनाबाईंनी उठून ते बघितलं. त्या दिवशी दोघींचं भांडण झालं. मला त्यांची भाषा समजत नव्हती, पण भांडण समजतं. परी नंतर वर गेली नाही. माघात शिरीन वारली.

दिनाबाई मुंबईला गेल्या त्या दोन वर्षं फिरकल्या नाहीत. मग एका चैत्रात आल्या, वाळून अर्ध्या झालेल्या. टांग्यातून उतरायच्या आधीच मला विचारलं, "सगुणा, ती मांजर आहे?"

"हाय, बाई."

"आण."

मी परीला आणलं. त्यांनी हात पुढे केला. परीने हुंगलं, शिंकली, आणि माझ्या पायामागे गेली.

रोज हेच. सकाळी त्या व्हरांड्यात शिरीनच्याच खुर्चीवर बसून हात पुढे धरायच्या. परी वास घ्यायची आणि जायची. आठ दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "शिरीनला चाटत होती ना? मी माझ्या डोळ्याने बघितला. मी त्या दिवशी मांजर काढून टाकली, म्हणून शिरीन माझ्याशी बोलली नाही. दोन दिवस. मग ताप चढला, मग बोलायला तिला आलाच नाही." त्या थांबल्या. "ही मांजर माझ्यावर रागावली आहे. हिचा राग गेला तर मी समजेन, माझ्या डिकरीचा पण गेला."

डिकरी म्हणजे लेक. मी परीला घेऊन खाली आले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे विडी ओढत होते. "त्यात काय? सुकटाचं पानी लाव त्यांच्या हाताला. माझ्याबी पायाला चाटंल."

"अवो, ही काय थट्टा हाय का?"

"थट्टा कुटं? म्हातारीचं मन निवंल. मांजराला काय, सुकट मिळंल."

कासमभाईंचं मीठ माझ्या डोक्यात होतंच. मला वाटलं, शेवटी चाटणं ते चाटणंच. दुपारी दिनाबाईंचे पाय चेपायला मी वर जायची. त्या दिवशी सुकट वाटीत भिजवून, गाळून, ते पाणी घेऊन गेले. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मी त्यांचा हात कोमट पाण्याने पुसला आणि मनगटाला ते पाणी चोळलं. मग परीला खुर्चीजवळ सोडलं.

परी आली. हुंगलं. चाटलं, आणि चाटतच राहिली.

दिनाबाईंनी डोळे उघडले. आधी हात हलवला नाही. मग "शिरीन" म्हणाल्या, दोनदा, आणि इतक्या रडल्या की मला तिथे उभं राहवेना. त्याच दुपारी त्यांनी मुंबईला भावाला पत्र लिहिलं. ह्यांनी ते टपालात टाकलं. पत्रात काय आहे ते त्यांनीच मला सांगितलं, "लिहिला, शिरीनने मला माफ केला."

दुसऱ्या दिवशी मी वाटी नेली नाही. नेववेना. त्यांनी सकाळी हसत हात पुढे केला. परीने हुंगलं, शिंकली आणि गेली. दिनाबाई हात तसाच धरून बसल्या. चहा थंड झाला. जेवायच्या वेळीही हात खुर्चीच्या दांडीवर तसाच, उलटा. मी झाडूच्या निमित्ताने चार वेळा वर गेले. पाचव्यांदा मला राहवलं नाही.

"बाई, काल तिनं चाटलं ते सुकटाचं पानी व्हतं. मीच लावलं."

त्यांना सुकट समजलं नाही. मी सांगितलं, वाळवलेली बारीक कोलंबी.

"कोलमी?" त्यांनी मनगट नाकाशी नेलं, जणू काल हात धुतलाच नव्हता. "माझ्या पोरीचं नाव घेऊन मी रडले, आणि ती कोलमी होती?"

मी मान हलवली.

"खाली जा. आता वर येऊ नको."

मी चार दिवस वर गेले नाही. हे म्हणाले, "सांगायला कुनी सांगितलं व्हतं? रोज लावायचं." त्यांचंही चूक नव्हतं, त्यांच्या परीने. पण मी आयुष्यात कुणाला फसवलं असेल तर ते त्या बाईंना, आणि तेही मायेने. अजून आठवलं की कान तापतात.

पाचव्या दिवशी दिनाबाई स्वतः खाली आल्या, हातात काठी घेऊन. इतक्या वर्षांत त्या आऊटहौसात कधी आल्या नव्हत्या. दारातूनच म्हणाल्या, "मी जाते मुंबईला. बंगला काढून टाकते. मांजर कोणाला पाहिजे त्याला दे."

माझ्या मांडीवर तेव्हा एक पिल्लू होतं, चार दिवसांचं, शेजारच्या बंगल्यावरचं, आई मेलेलं. मी त्याला कापसाच्या वातीने दूध पाजलं होतं आणि ओल्या फडक्याने त्याचं पोट पुसत होते. उठायला येईना. मी तशीच बसून राहिले.

"हे काय करते?" त्यांनी विचारलं. जायला निघालेलं माणूस, पण विचारलं.

मला बोलायची सवय नाही, पण कामाचं विचारलं की येतं. मी सांगितलं, "बाई, डोळं न उघडलेल्या पिल्लाला आपसूक मुतायला येत न्हाई. आई पोट चाटती, मग त्येला व्हतं. म्हाईत नव्हतं तवा मी पयली चार पिल्लं निस्तं दूध पाजून मारली. पोटं फुगून मेली. मग म्या एक दिसभर एका मांजरीम्होरं बसून बघितलं, ती काय करती. तिची जीभ, माझं फडकं."

दिनाबाई उंबऱ्यावर टेकल्या. तेवढ्यात परी आढ्यावरून उतरली, माझ्याजवळ बसली आणि माझं मनगट चाटायला लागली.

"ही पण कोलमी?"

"न्हाई, बाई."

"दाखव हात."

मी हात पुढे केला. त्यांनी नाकाला लावून वास घेतला. राखेचा वास, दुसरं काही नाही. मी राखेनेच हात धुवायची. त्या माझा हात धरूनच बसल्या, आणि मला बोलता बोलता कळलं, आधी नाही. परीलाही मी असंच पुसलं होतं. दिवसा शिरीनने, बाकीच्या वेळी मी. तिच्या लेखी आम्ही दोघींनी तिला चाटलं होतं. म्हणून ती शिरीनला चाटायची आणि मला चाटते.

हे मी जसं आलं तसं त्यांना सांगितलं.

"म्हणजे ती तुला आई समजते?"

"आदी तसं आसंल. आता ती मोठी झाली, बाई. आता ती मला पिल्लू समजती. आंग नीट न धुनारं."

त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. त्यांनी परीकडे हात नेला. परीने मान मागे घेतली आणि शिंकली. मांडीवरच्या आंधळ्या पिल्लानेही तोंड वळवलं. दोघांनी एकदम तसं केलं तेव्हा मला दिसलं. इतके दिवस समोर होतं, पण त्या वासाची मला सवय झाली होती.

"बाई, तुमच्या हाताचं ते पानी. त्येचा वास त्यांना सोसत न्हाई."

दिनाबाईंनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. पुढचं मी बोलले नसते. त्याच बोलल्या, "ह्याच पाण्याने मी तिला हाकलत होते."

पिल्लू माझ्या मांडीवर झोपलं. मग त्यांनी काठी भिंतीला लावली आणि बाह्या वर केल्या. "राख दे," म्हणाल्या. "आणि ते फडका कसा धरायचा ते दाखव."

बंगला विकायचं राहिलं. युडिकोलनच्या बाटल्या त्यांनी आचाऱ्याला देऊन टाकल्या. रोज सकाळी राखेने हात धुऊन त्या मोरीपुढे पाटावर बसायच्या आणि परीला पुसायला बघायच्या. आधी फडकं इतकं ओलं, की परी पळायची. मग इतकं घट्ट पिळलेलं, की केस उलटे व्हायचे. परीने दोनदा ओरबाडलं. मी मध्ये पडले नाही. "कपाळावरून मागं," मी लांबूनच सांगायची, "आई उलट चाटत न्हाई." त्या म्हणायच्या, "तू फार कडक मास्तर आहे, सगुणा." मला आयुष्यात कुणी कडक म्हटलेलं तेवढंच.

मिरग लागला. आजूबाजूचे बंगले एकामागून एक बंद झाले. त्यांच्या भावाची पत्रं आली, ये म्हणून, हवा बाधेल म्हणून. त्या गेल्या नाहीत. पाऊस असा लागला की व्हरांड्यातून फाटक दिसेना. वर एकट्या खोलीत शेगडी पेटवून त्या दोन शाली पांघरून बसायच्या. भिंतींना ओल चढली. हे म्हणाले, "मांजरापायी म्हातारी जाईल." मलाही भीती वाटत होती. पण जा म्हणायचा मला काय अधिकार? आणि एक खरं लिहिते, परी त्यांच्याकडे वळू लागली तसा मला थोडा त्रासही झाला. ती दुपारची माझ्याकडे येईना. मी तो त्रास कुणाला दाखवला नाही.

आषाढात एक दिवस मी शेगडीला कोळसे घेऊन वर गेले. दिनाबाई पाटावर बसलेल्या, परी त्यांच्या मांडीवर. त्या तिचे कान पुसत होत्या, जसं मी शिकवलं तसं, हलक्या हाताने. पुसून झालं आणि त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. परीने आपला पंजा चाटला, दोनदा. मग पंजा चाटता चाटताच मान वळवली आणि त्यांच्या हाताची पाठ चाटायला लागली.

मी दारात थांबले. दिनाबाई या वेळी रडल्या नाहीत. शिरीनचं नावही घेतलं नाही. श्वास धरून त्या बघत राहिल्या. परीने सगळं लक्ष लावून बोटांच्या सांध्यांपर्यंत चाटलं, तिथून परत मनगटाकडे, एखादी जागा राहिली तर मागे जाऊन. मांजराची जीभ कानशीसारखी असते, आणि म्हातारीची कातडी पातळ. हात लाल व्हायला लागला.

"लागतंय गं," दिनाबाई हळूच म्हणाल्या.

"काढू का तिला, बाई?"

त्यांनी दुसरा हात वर करून मला तिथेच थांबवलं.

"नको. राहू दे."